आडातला दिवा विझला नाही

१

बन्सी ठोंबरेला आडातून वर काढलं तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. नुकताच चुलीपुढून उठलेला माणूस दिसतो तसा. मेलेला माणूस इतका टवटवीत दिसावा, हे मला मुळीच आवडलं नाही.

मी पुंडलिक, जनावरांचा डॉक्टर. बिडकीनच्या आसपासच्या गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्याशी माझं बरं जमतं, माणसांशी बेताचंच. त्या दिवशी मी शेजारच्या मळ्यात एका वासराला सलाईन लावत होतो. आरडाओरडा ऐकून धावलो, आणि जवळ दुसरा कुणी डॉक्टर नाही म्हणून लोकांनी मलाच पुढे ढकललं. नाडी पाहायची गरजच नव्हती.

आड जुना, अरुंद आणि खोल. एरवी त्यावर पत्रे टाकलेले असतात. दर चैत्रात पाणी तळाला गेलं की ठोंबरे बंधू पत्रे काढतात आणि आत उतरून गाळ उपसतात. बन्सी थोरला, मोठा जपून वागणारा माणूस. आधी बादलीत तेलाचा दिवा ठेवून तळापर्यंत सोडायचा. दिवा विझला तर खाली हवा वाईट, जळत राहिला तर चांगली. बापाने शिकवलेली रीत होती ती, आणि ती त्याने कधी मोडली नाही.

त्या सकाळीही मोडली नाही. दिवा सोडला, दिवा जळत राहिला, दिव्याची बादली खालीच ठेवून बन्सी उतरला. गाळाची पहिली बादली वर आली. दुसरी आलीच नाही. मोकळेपणाने वाकता यावं म्हणून त्याने कमरेचा दोर सोडून ठेवला होता, त्यामुळे त्याला नुसता ओढून घेणंही शक्य नव्हतं. पडलेल्या घागरी काढायच्या लोखंडी गळाने त्याला वर आणावं लागलं. त्यात फार वेळ गेला.

वर दोघं होते. एक धाकटा भाऊ हनुमान. दुसरा बिरू, मेंढपाळ, ज्याचा कळप खतासाठी ठोंबऱ्यांच्या शेतात बसवला होता.

"मी ह्याला म्हणलं, उतर! मही पाठ धरलीय, तू उतर!" हनुमान छाती बडवत सांगत होता. "हा नुस्ता उभा ऱ्हायला. मह्या भावाला मरू दिलं ह्यानं!"

बिरू गळाचा दोर हातात धरून उभा होता. तो आडाकडे बघत होता. मीही वाकून पाहिलं.

खाली, तळाशी, बादलीतला दिवा अजून जळत होता.

२

संध्याकाळ व्हायच्या आत बिरूला चौकशीसाठी चौकीत नेऊन बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको कस्तुराबाई माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. मागे लेक ज्ञानेश्वरी, डोळे सुजलेले.

"डाक्टर, उद्याच्याला कोर्टात नेत्यात म्हणं त्यांला," कस्तुराबाई म्हणाली. "गावातली पोरं येऊन सांगून गेली, बिऱ्हाड उचला न्हाय तर पेटवून देऊ. दोनशे मेंढरं घिऊन आमी दोघी बाया कुठं जावं? आन त्यो आत गेला की गेलाच. आमच्यासाठी कोन वकील उभा ऱ्हाणार हाय?"

मी बिरूला दहा वर्षं ओळखतो. आजारी कोकराला घोंगडीत घेऊन चार कोस चालत येणारा माणूस खून करील, हे मला पटेना. पण मला काय पटतं, याला फौजदार भारत काडीची किंमत देणार नव्हता. शहरात एकच बाई अशी होती जिच्यापुढे तो खुर्चीवरून उठायचा.

सुकेशनीताई सिडकोत राहतात. विमा कंपनीसाठी त्यांनी आयुष्यभर अपघाती मृत्यूचे दावे तपासले. कुणी खरंच पडला, कुणाला ढकललं, कुणी स्वतःच उडी मारली, हे ठरवण्यात केस पांढरे झाले. बन्सीचाही विमा होता, त्यामुळे प्रकरणात नाक खुपसायला त्यांना रीतसर निमित्त मिळालं. माझ्या खटाऱ्या गाडीत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "चेहरा लाल होता, हे तुम्ही फौजदारांना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, उन्हाने असेल."

"आडाच्या तळाला ऊन?" त्या म्हणाल्या.

चितेगावला रसवंतीपाशी थांबलो. पोऱ्याने विचारलं, बर्फ टाकू? मी मालकाकडे पाहिलं. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. मी म्हटलं, टाक. शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "टाक रे, रोज शेकडो लोक पितात, कोण मेलं?" सुकेशनीताईंनी बर्फ नको म्हटलं.

"बर्फात काही आहे, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काहीच माहीत नाही. चांगला असेल तर मला थोडा गारवा मिळेल. वाईट असेल तर आठवडाभर अंथरूण. एवढ्यासाठी मी तो सौदा करत नाही." त्यांनी पेला तोंडाला लावला. "तुम्ही माणसाचा चेहरा बघून ठरवता डॉक्टर. हा ट्रकवाला आजवर काय झालं ते बघून ठरवतो. बन्सीराव एका खुणेवर विसंबायचे. यातलं कुठलंच वेडेपणाचं नाही, आणि प्रत्येकाचा कधी ना कधी घात होतो. मला भीती वाटते ती वेगळीच. तुम्ही कसं ठरवता हे जर कुणाला पक्कं माहीत असेल, तर तुमच्यासाठी नेमका खड्डा खणता येतो."

एप्रिलच्या त्या रखरखीत दुपारी मी बर्फ घातलेला पेला तसाच खाली ठेवला.

३

फौजदार भारत वाईट माणूस नाही, फक्त घाईत असतो.

"मॅडम, मी वीस वर्षं हेच बघतोय," तो म्हणाला. "आदल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी मढं. दहातल्या नऊ वेळा भांडणारा तोच मारणारा. बन्सीने ह्याला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. ह्याचं बिऱ्हाड त्याच शेतात. रात्री आडात कसलं तरी विषारी औषध टाकायला कितीसा वेळ लागतो? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बन्सी उतरायच्या आधीच हा म्हणाला होता, उतरू नका. ह्याला कसं कळलं?"

"व्हिसेरा?"

"तपासणीला राखून ठेवलाय. अहवाल यायला महिने. तोवर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू?"

बिरूला समोर आणलं. एका रात्रीत माणूस निम्मा झाला होता. सुकेशनीताईंनी त्याला बसायला सांगितलं, तो भिंतीशी उकिडवा बसला.

"भांडण कशावरून झालं, बिरूभाऊ?"

"मेंढरं बसवण्यावरून, ताई. बन्सी पाटलांनी सांगितलं व्हतं, आडाजवळच्या वरच्या पट्टीत बसव. तिथं खत पायजे व्हतं त्यांला. दोन रातीनं हनुमान पाटील आले आन म्हणले, वाघर उचल, खाली ओढ्याकडं ने. आमी जाळ्या काढून खाली गेलो. सकाळी बन्सी पाटील आले ते भडकलेच. मी म्हणलं, तुमच्या भावानं सांगितलं. तर हनुमान पाटील म्हणले, मी कवा सांगितलं?"

फौजदाराने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. खोटं बोलणारा असंच सांगतो, असा त्याचा अर्थ.

"आणि त्या सकाळी? उतरू नका असं का म्हणालात?"

बिरू जमिनीवर बोट फिरवत सांगू लागला. "मला काय ठावं नव्हतं, ताई. आईची आण. पन आमचं आसंच आसतंय. नव्या रानात गेलो, नवं पानी दिसलं, तर समदा कळप सोडत नाय आमी. आधी येक म्हातारी मेंढी पाजायची, बसून ऱ्हायचं, मग बाकीची. येक गेली तर येकच जाती. त्या दिशी मह्या कुत्र्यानं आडाजवळ यायचं नाव घेतलं नाय. वास बी येत व्हता."

"कसला?"

"फटफटीचा. पन हनुमान पाटलांची फटफटी तिथंच चालू व्हती, आडाला लागून. म्हणलं, तिचाच आसंल. तरी मी म्हणलं, पाटील, मह्या बिऱ्हाडातली कोंबडी सोडू बादलीत, मग उतरा. बन्सी पाटील हसले. म्हणले, दिवा जळतोय की रं. हनुमान पाटील म्हणले, कामून उगं मुक्या जीवाला मारतो."

"आणि ते पडल्यावर तुम्ही उतरला नाहीत."

बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. "येक मानूस आत जाऊन पडला. कशानं पडला ते ठावं नाय. मी उतरलो आसतो तर दोन पडले आसते. मला वाटलं गळ टाकावा. मी चुकलो का, ताई?"

त्याला परत आत नेलं. बाहेर आल्यावर फौजदार म्हणाला, "बघा, सगळं भावावर ढकलतोय."

सुकेशनीताई थांबल्या. "फौजदारसाहेब, न कळणं आणि कळून गप्प बसणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मला बन्सीरावांच्या घरी जायचंय. तिथे कुणीतरी असं आहे, ज्याला कळलं होतं."

४

बन्सीची बायको आवडाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. भेटायला आलेल्या बाया आम्हाला पाहून उठल्या. कुणीतरी बिरूच्या नावाने बोटं मोडली. घरात उदबत्तीचा वास कोंदला होता.

"लई जपून वागायचे ओ," आवडाबाई म्हणाली. "रस्ता वलांडताना बी दोनदा बघणार. हनुमान भावजी त्यांला चिडवायचे, म्हणायचे दादा भित्रा हाय. भावजी सोता दिव्याबिगर उतरायचे आडात, दर साली. औंदा पाठ धरली म्हणून ह्यांला उतरावं लागलं."

"पाठ पहिल्यापासून दुखते त्यांची?"

"नाय ओ. दोन दिस आधी तर कांद्याच्या गोण्या टाकत व्हते टेम्पोत, वैजापूरला न्यायला."

सुकेशनीताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "वहिनी, एक विचारू? आडाशी बिरूला इंजिनाच्या धुराचा वास आला म्हणे. तुमच्या मालकांना आला नसेल?"

"त्यांला कुठला वास?" आवडाबाई म्हणाली. "करोना झाल्यापून त्यांचा वासच गेला. दूध उतू जाऊन करपलं तरी बाजूला बसून ऱ्हायचे. घरातल्यांनाच ठावं. बाहेर सांगायची लाज वाटायची त्यांला."

मी आणि सुकेशनीताईंनी एकमेकांकडे पाहिलं.

आवडाबाई आता आपल्याशीच बोलल्यासारखी बोलत होती. "दिवा जळत ऱ्हायला आन मानूस गेला. आसंच पाव्हण्यांकडं झालं व्हतं मागल्या साली. भावजींच्या सासरच्या नात्यात. लाइट गेली म्हणून दुकानात जनरेटर लावलं, शटर वढून दोघं झोपले. सकाळी दोघं बी मेलेले. आन देवापुढचा दिवा तसाच जळत व्हता. आमी बाया म्हणलो, देवानं बघितलं आन तरी काय केलं नाय. भावजीच गेले व्हते मढी काढायला. मेलेले दिसतच नव्हते म्हणले, गाल लाल."

बन्सीचा लाल चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी तोंड उघडणार तोच सुकेशनीताईंनी माझ्या पायावर पाय दिला.

दारात हनुमान उभा होता. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

५

हनुमान ठोंबरे देखणा माणूस. बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, ह्याला आयुष्यात कसलीच चिंता नाही. आम्हाला तो आपणहून आडापर्यंत घेऊन गेला. पोलिसांनी पत्रे पुन्हा टाकून वर दगड ठेवले होते. वारा आला की पत्रा कण्हल्यासारखा वाजायचा. खाली ओढ्याकडे बिरूची मेंढरं वाघरीच्या जाळ्यांत दाटून उभी होती.

"आजवर ह्या आडात कुणी मेलं नाय, मॅडम," तो म्हणाला. "आज्यापासून उतरतोय आमी. मी तर दिवा नाय न बत्ती नाय, सरळ उतरायचो. दादा उगं घाबरायचा. त्यो धनगर काय टाकून गेला नसता, तर आज दादा हितं उभा आसता."

"तुम्ही कशालाच घाबरत नाही वाटतं?"

"जे आजवर झालं नाय, ते उद्या कामून व्हईल?" तो हसला. "पुलावरून पानी चाललं तरी मी गाडी घालतो. आजवर वाहून गेलो नाय."

"पेट्रोल फार जाळत असाल मग."

"छ्या! उतारावर बंद करतो मी गाडी. पेट्रोल काय फुकट येतंय?"

इकडचं तिकडचं बोलणं झालं. जमिनीचा विषय मीच काढला, कारण तो गावात कुणापासून लपलेला नव्हता. औद्योगिक वसाहत वाढत चालली होती आणि रस्त्याकडेची ही पट्टी एका गोदामवाल्याला हवी होती. हनुमानला विकायची होती. बन्सी सही करायला तयार नव्हता.

"ते आता जाऊ द्या," हनुमान म्हणाला. "दादाच नाय तर जमीन काय करायची?" मग वळून ओढ्याकडे पाहत म्हणाला, "ह्या बाया आज जाणार होत्या ना बिऱ्हाड घिऊन? पोरं लई तापलेत गावातली. मला त्यांला आवरता नाय यायचं."

आवाज मऊ होता. त्यातली धमकी मला ऐकू आली.

परतताना मी गाडीतच भडकलो. "ताई, त्यानेच केलंय! पेट्रोलच्या इंजिनाचा धूर रात्री पाइपने आत सोडला, वर पत्रे झाकले. त्या धुरातल्या वायूने माणूस मरतो, चेहरा लाल होतो, पण दिवा विझत नाही. सकाळी वास लपवायला फटफटी चालू ठेवली. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी बंद करणारा माणूस!"

"तुम्हाला पटतंय. मलाही पटतंय. फौजदाराला?"

"मेंढरं हलवली..."

"तो नाही म्हणतो. शब्दाविरुद्ध शब्द."

"फटफटी..."

"विसरलो म्हणेल. दुःखात माणूस विसरतो. डॉक्टर, बिरूकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टीही अशाच सुट्या सुट्या आहेत, आणि त्यांच्याच जोरावर तो उद्या आत जाणार आहे. मला असं काहीतरी हवं, जे निरपराध माणूस म्हणूच शकत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "हनुमानला लेकरं किती?"

"एकच. ऋतुराज. शहरात कंपनीत आहे. काकावर फार जीव त्याचा."

"मग उद्या सकाळी मला थोडं खोटं बोलायची परवानगी द्या," त्या म्हणाल्या. "आणि कस्तुराबाईंना सांगा, उजाडताच तयार राहा."

६

उजाडताच आम्ही तिघांनी एक काम उरकलं. ते काय, हे मागाहून सांगतो. काम झाल्यावर पत्रे होते तसेच टाकले, दगड होते तिथेच ठेवले.

ऊन वर आलं तसे सगळे जमले. फौजदार भारत बिरूला घेऊन आला, कोर्टात न्यायच्या वाटेवर. सुकेशनीताईंनी त्याला काय सांगितलं होतं ठाऊक नाही, पण त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. आवडाबाई आली, हनुमान आला, बरोबर ऋतुराज. कस्तुराबाई लेकीचा हात धरून लांब उभी राहिली.

"एक चांगली बातमी आहे," सुकेशनीताई म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांशी बोलणं झालं. बन्सीरावांचं हृदय बंद पडलं. आडात काही नव्हतं. कुणी काही टाकलं नाही. बिरूला आज सोडतील."

हनुमानने फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने मान हलवली. हनुमानच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

"मी म्हणतच व्हतो!" तो म्हणाला. "आजवर ह्या आडात कुणी मेलं नाय. बिरू, बाबा, माफ कर, रागाच्या भरात बोललो."

"आता एवढंच राहिलं," सुकेशनीताई म्हणाल्या. "बन्सीरावांचं फावडं खालीच आहे. विम्याच्या कामाला ते लागेल. कुणीतरी उतरावं."

"मी उतरतो," ऋतुराज लगेच म्हणाला. "काकांचं फावडं मीच काढणार."

पत्रे बाजूला केले. आतून ओल्या चिखलाचा वास आला. काकाच्या रितीप्रमाणे ऋतुराजने बादलीत दिवा ठेवला आणि हळूहळू सोडला. आम्ही सगळे वाकलो. दिवा तळाला टेकला. ज्योत स्थिर होती.

"राहू दे रे," हनुमान म्हणाला. "येवढी घाई काय? उद्या बघू."

"काढून टाकतो ना बाबा."

"तुला सवय नाय. गड्याला सांगतो मी. कडूबाला बोलव, त्यो उतरंल."

कडूबा त्यांचा सालगडी. दोन लेकरांचा बाप. त्याचं नाव हनुमानने इतक्या सहज घेतलं की आवडाबाईनेही मान वर केली.

"पण हनुमानराव," सुकेशनीताई शांतपणे म्हणाल्या, "दिवा तर जळतोय. आजवर कुणी मेलं नाही. डॉक्टरही तेच म्हणतात."

हनुमानच्या कपाळावरून घाम निथळत होता. ऋतुराजने कमरेला दोर बांधला, काठावर बसला, पाय आत सोडले. एक पाय पहिल्या खोबणीत टेकला. मग त्याचे खांदे काठाखाली गेले.

"दिव्यावर जाऊ नको रे!" हनुमान किंचाळला. आडवा पडून त्याने पोराची मनगटं धरली. "वर ये! त्या धुरानं दिवा विझत नाय! वर ये बाबा, वर ये!"

फौजदार दोन पावलं पुढे आला. वाघरीतलं एक कोकरू ओरडलं.

"कसला धूर, हनुमानराव?" फौजदाराने विचारलं. "धुराचं तर आम्ही कुणीच बोललो नाही."

७

ऋतुराज वर आला. बापाने त्याची मनगटं सोडली नव्हती. त्यानेच ती हळूच सोडवून घेतली आणि दोन पावलं मागे सरला. ते मागे सरणं हनुमानला बेड्यांपेक्षा जास्त लागलं असावं.

मग सुकेशनीताई बोलल्या, फौजदाराला उद्देशून.

"तुम्ही विचारत होतात, बिरूला कसं कळलं? त्याला काहीच कळलं नव्हतं. तो आयुष्यभर असाच वागत आलाय. कळत नसेल तर आधी थोडं पणाला लावायचं. त्या सकाळी तो रोजच्यासारखाच वागला. बन्सीरावही रोजच्यासारखेच वागले. दिवा म्हणाला जा, ते गेले. तिघांत एकच माणूस आपल्या स्वभावाच्या विरुद्ध वागला. जो दर वर्षी बेधडक उतरायचा तो या वर्षी उतरला नाही. जो पेट्रोल वाचवायचा त्याने फटफटी चालू ठेवली. आणि एक कोंबडी." त्या हनुमानकडे वळल्या. "बिरू म्हणाला, कोंबडी सोडून बघू. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आडात आजवर काही झालं नाही. मग कोंबडी फडफडत वर आली असती. तुम्ही म्हणालात, मुक्या जीवाला का मारतोस. खाली गेलेला जीव मरतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

फौजदाराने खाली पाहिलं. हे वाक्य त्यानेही ऐकलं होतं. मीही. मला तर ते दयेचंच वाटलं होतं.

"जनरेटर लावलेल्या त्या दुकानात देवापुढचा दिवा जळत राहिलेला तुम्ही पाहिलात. गावातल्या सगळ्यांना त्यात देवाची करणी दिसली, तुम्हाला त्यात भावाची रीत दिसली. त्याला वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तो दिव्याचं ऐकतो, हेही ठाऊक होतं. बाकी काम एका रात्रीचं. फक्त मेंढपाळ जवळ नकोत, इंजिनाचा आवाज ऐकतील. म्हणून वाघर हलवलीत. त्यातून भांडण झालं, तेही कामाला आलं. आणि शेवटी बिरूला उतर म्हणालात, म्हणजे सांगणाराही उरला नसता."

"भावजी," आवडाबाई म्हणाली. एवढंच. तिला रडायलाही आलं नाही.

पाणी उपसायचं पेट्रोल इंजिन आणि टोकाला वितळलेला पाइप दुपारी हनुमानच्या कडब्याखाली सापडला. पण ते नंतर. तेव्हा तो आडाच्या काठावर बसून होता आणि पोराकडे बघत होता. पोरगं त्याच्याकडे बघत नव्हतं.

फौजदाराने बिरूचे हात मोकळे केले. बिरू बायकोकडे गेला नाही. आधी आवडाबाईपुढे जाऊन उभा राहिला. "वैनी, मी उतरायला पायजे व्हतं का?" तिने मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा कुठे त्या माणसाला मोठ्याने रडू फुटलं. मलाही फुटलं, लाज कशाला वाटून घ्यायची?

हनुमानला गाडीत बसवताना तो थांबला. "मॅडम," त्याने विचारलं, "धूर व्हता का अजून आत?"

सुकेशनीताईंनी कस्तुराबाईला खूण केली. तिने पदराखालची कोंबडी पुढे केली. सकाळी निंबाचे डहाळे दोराला बांधून आम्ही बराच वेळ आडातली हवा घुसळली होती. मग दिवा लावून, त्याच्यासोबत हीच कोंबडी बादलीत घालून तळाला सोडली होती. दिव्याशेजारी बराच वेळ बसून ती कलकलत वर आली होती.

"नाही," सुकेशनीताई म्हणाल्या. "हवा चांगली होती. ऋतुराज फावडं घेऊन वर आला असता."

हनुमान त्या कोंबडीकडे बघत राहिला. जन्मभर तो आजवर काय झालं तेवढंच बघून चालला होता. चुकलं तर काय जाईल, असा बिरूसारखा विचार त्याने आयुष्यात एकदाच केला, तो पोरासाठी, आणि त्यातच अडकला. गप्प राहिला असता तर सुटला असता. गाडीत बसताना तो मला म्हणाला, "डाक्टर, मी गप नसतो बसू शकलो," आणि मला त्याचं हे बोलणं खरं वाटलं.

संध्याकाळी बिरूने वाघर गुंडाळली आणि कळप पैठणच्या अंगाला हाकला. वाटेत एका ओढ्यापाशी नवं डबकं लागलं. त्याने सगळी मेंढरं थोपवून धरली, एक म्हातारी मेंढी पुढे सोडली आणि काठी टेकून बसून राहिला. मी गाडी थांबवून बघत राहिलो. मेंढी पाणी प्यायली, अंग झाडलं आणि चरायला लागली.